पदवीनंतरची तीन वर्षे : ऑनर्सच्या विद्यार्थ्यांपुढील वाटा

दरवर्षी निकाल लागले की आपल्या संस्था, मित्रमंडळे व महिला मंडळे यांच्या वतीने गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात. पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, प्रमुख पाहुण्यांचे मार्गदर्शन आणि अल्पोपाहार असा कार्यक्रम पार पडतो. ही प्रथा चांगली आहे व ती चालू राहावी. परंतु सत्कार झालेला विद्यार्थी पुढे काय करतो, याची विचारपूस क्वचितच होते. पदवीला पहिला वर्ग मिळविलेली मुलगी दोन वर्षांनी कोठे आहे, पाच वर्षांपूर्वी ज्याचा फोटो स्मरणिकेत छापला तो मुलगा आज काय करतो, याची नोंद बहुधा कोणाकडेच नसते. प्रस्तुत लेखात नेमका याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर असून बँकेत लिपिक म्हणून काम करतो. शिष्यवृत्ती जमा झाली की नाही हे पाहण्यासाठी पासबुक भरून घ्यावयास येणारी मुले व शैक्षणिक कर्जाची चौकशी करणारे पालक यांच्याशी आमचा रोजचा संबंध येतो. त्यावरून आमचे एक मत बनले आहे. पदवीला कोणता वर्ग मिळाला यापेक्षा पदवीनंतरची पहिली तीन वर्षे कशी गेली, यावर पुढचे आयुष्य अधिक अवलंबून असते. म्हणून या तीन वर्षांचा आराखडा हवा आणि त्या आराखड्याला मुदत हवी.

१. ऑनर्स म्हणजे काय?

'ऑनर्स' हा शब्द दिल्ली-कोलकात्याकडे जुनाच आहे. एका विषयाचा सखोल अभ्यास करून घेतलेली पदवी, असा त्याचा साधा अर्थ. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी त्यास 'स्पेशल विषय' म्हणत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता पदवीची रचना बदलली आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका, तिसऱ्या वर्षानंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी असे चार टप्पे झाले. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीस १३२ व चार वर्षांच्या ऑनर्सला १७६ श्रेयांक लागतात. स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली.

चौथ्या वर्षातही दोन प्रकार आहेत. एक साधा ऑनर्स व दुसरा संशोधनासह ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण असलेल्यांना संशोधनासह ऑनर्स घेता येतो व त्यात प्रबंधिका लिहावी लागते.

श्रेयांक साठविण्यासाठी २०२१ मध्ये 'श्रेयांक बँक' सुरू झाली. बँकेतील खात्यात रक्कम जमा व्हावी, तसे विद्यार्थ्याच्या नावे श्रेयांक जमा होतात. घरच्या अडचणीमुळे पहिल्या वा दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण सुटले, तर तीन वर्षांच्या आत परत येऊन सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पूर्ण करता येते. पूर्वी शिक्षण सुटले म्हणजे सारेच वाया गेले असे होई. आता तसे नाही, ही गोष्ट घराघरांत सांगितली पाहिजे. मात्र खाते उघडले आहे का आणि श्रेयांक जमा झाले आहेत का, हे विद्यार्थ्याने स्वतः तपासावे. खाते उघडून पासबुक न पाहणे बरे नव्हे.

२. चौथे वर्ष करावे की नाही?

हा प्रश्न प्रत्येक घरात येणार आहे. याचे उत्तर भावनेने न देता हिशेबाने द्यावे.

तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे एम.ए. मिळून पाच वर्षे होतात. चार वर्षांचा ऑनर्स आणि एक वर्षाचे एम.ए. मिळूनही पाचच वर्षे होतात. म्हणजे ज्याला एम.ए. करावयाचेच आहे त्याचे चौथे वर्ष फुकट जात नाही. शिवाय २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी थेट पीएच.डी.च्या प्रवेशास पात्र ठरतो. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना यात ५ टक्क्यांची सवलत आहे. परदेशातील अनेक विद्यापीठे चार वर्षांची पदवी मागतात, तेथेही चौथ्या वर्षाचा उपयोग होतो.

उलट बँक, लोकसेवा आयोग, राज्य सेवा वा कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर पातळीवरील परीक्षांसाठी तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे. तेथे ऑनर्सला वेगळे गुण नाहीत. ज्या घरी वडिलांची मिळकत थांबली आहे, धाकटी भावंडे शिकत आहेत, तेथील मुलाने तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडून नोकरीची तयारी केली तर त्यात कमीपणा मुळीच नाही. संशोधनाची आवड असलेल्याने चौथे वर्ष करावे. केवळ एक वर्ष अधिक कॉलेजात काढता येते म्हणून ते करू नये.

३. वाट पहिली : नोकरी

कलाशाखेच्या मुलास नोकरी नाही, हा समज बराच जुना आहे. बँकेतील लिपिक पदासाठी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. राष्ट्रीयीकृत बँकांची भरती २०११ पासून आयबीपीएसच्या सामायिक परीक्षेने होते. स्टेट बँकेची परीक्षा स्वतंत्र असते. लिपिक पदास वय २० ते २८, अधिकारी पदास २० ते ३०. अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची व इतर मागासवर्गीयांना तीन वर्षांची सवलत आहे. लिपिकाच्या पूर्व परीक्षेत इंग्रजीचे ३०, अंकगणिताचे ३५ व तर्कक्षमतेचे ३५ असे १०० प्रश्न ६० मिनिटांत सोडवावे लागतात आणि चुकलेल्या उत्तरास पाव गुण वजा होतो. लिपिक पदास मुलाखत नाही, परंतु स्थानिक भाषा यावी लागते. मराठी माध्यमाच्या मुलाला ही जमेची बाजू आहे.

आमची मुले या परीक्षेत अडखळतात ती बहुधा बुद्धीमुळे नव्हे, तर वेगामुळे. कला शाखेत गेल्यापासून गणिताचे पुस्तक हातातून सुटलेले असते. शेकडेवारी, सरासरी, काळ-काम-वेग, व्याज ही शाळेतील गणिते रोज एक तास केली तर सहा महिन्यांत फरक पडतो. त्यासाठी पदवी हाती येण्याची वाट पाहू नये, दुसऱ्या वर्षापासून सुरुवात करावी.

लिपिकाची नोकरी म्हणजे शेवट, असेही समजू नये. बँकिंगच्या जेएआयआयबी व सीएआयआयबी या परीक्षा नोकरीत राहून देता येतात. त्यांनी वेतनवाढ मिळते व बढतीस मदत होते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून एम.ए. करणारे अनेक जण आहेत. हाती पगार असलेला माणूस पुढची परीक्षा शांत चित्ताने देतो.

४. वाट दुसरी : स्पर्धा परीक्षा

या वाटेविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. जिल्हाधिकारी व्हावे हे स्वप्न चांगले आहे व ते आपल्या मुलांनी जरूर पाहावे. पण आकडेही पाहावेत. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० जणांनी अर्ज केले. पूर्व परीक्षेस ५,९२,१४१ बसले. मुख्य परीक्षेस १४,६२४ पात्र ठरले, मुलाखतीस २,८५५ पोहोचले आणि १,०१६ जणांची शिफारस झाली. त्यांत अनुसूचित जातींचे १६५ व अनुसूचित जमातींचे ८६ उमेदवार होते. पूर्व परीक्षेस बसलेल्या सुमारे ५८० जणांमागे एक, असा हा हिशेब आहे. उरलेले सारे नालायक होते काय? मुळीच नाही. जागाच तेवढ्या होत्या.

अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना या परीक्षेसाठी ३७ वर्षांपर्यंत वय व तोवर कितीही संधी अशी सवलत आहे. ही सवलत आवश्यकच आहे; पिढ्यान्‌पिढ्या मागे राहिलेल्यांना उशिरा सुरुवात करावी लागते म्हणून ती दिली आहे. परंतु सवलत म्हणजे वाट पाहत बसण्याचे निमंत्रण नव्हे. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांमध्ये तिशी ओलांडलेली हुशार मुले-मुली आजही दिसतात. घरून येणारे पैसे आटलेले, बरोबरीचे मित्र संसारात रमलेले, आणि 'एवढे एक वर्ष' असे म्हणत पाच-सहा वर्षे निघून गेलेली. यात त्या मुलांचा दोष थोडा आहे. त्यांना 'आता थांब व दुसरी वाट धर' असे प्रेमाने सांगणारे कोणी नव्हते, हा दोष मोठा आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, पूर्ण वेळ तयारीचे प्रयत्न किती ते आधीच लिहून ठेवावे; आमच्या मते दोन, फार तर तीन. दुसरी, त्याच काळात बँक, कर्मचारी निवड आयोग, राज्य सेवा अशा अन्य परीक्षाही द्याव्यात. तिसरी, नोकरी लागली तर ती घ्यावी आणि पुढचे प्रयत्न नोकरीत राहून करावेत. वयाच्या सवलतीचा खरा उपयोग नोकरी करीत अभ्यास करणाऱ्यालाच होतो. राज्य सेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. ज्याने पदवीला विषय मन लावून अभ्यासला व स्वतःच्या शब्दांत उत्तरे लिहिली, अशा ऑनर्सच्या विद्यार्थ्याला हा बदल अनुकूल आहे.

५. वाट तिसरी : उच्च शिक्षण व संशोधन

ज्याला विषयाची खरी ओढ आहे त्याने ही वाट निवडावी. केंद्रीय विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेश २०२२ पासून सामायिक प्रवेश परीक्षेने होतात. तेथे शुल्क कमी व वसतिगृहाची सोय असते. तरी आपल्याकडील मुले जिल्ह्याबाहेर अर्जच करीत नाहीत. नेट परीक्षा सर्वसाधारणपणे वर्षातून दोनदा होते. जून २०२४ पासून चार वर्षांच्या पदवीचे ७५ टक्क्यांचे विद्यार्थीही तीस बसू शकतात व नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जाऊ लागले. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व घरभाडे भत्ता असा दर आहे. महाराष्ट्र व गोव्यासाठी सेट ही परीक्षा वेगळी असते. पुण्याच्या बार्टी संस्थेमार्फत अनुसूचित जातीच्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती दिली जाते.

परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी असतात. मात्र २०२२-२३ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारताचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. कलाशाखेच्या मुलांनी विषय ठरविण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे. योजनांच्या अटी बदलतात, काही योजना बंदही होतात. बौद्धांसह अल्पसंख्याकांना मिळणारी मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून नव्याने देणे बंद झाले. म्हणून कोणाच्या तोंडी माहितीवर न जाता चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी.

या वाटेवरील खड्डाही दाखविला पाहिजे. प्राध्यापकाची पूर्णवेळ जागा मिळणे सोपे राहिलेले नाही. नेट-सेट, पीएच.डी. झालेले अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवीत आहेत. म्हणून संशोधनाबरोबर इंग्रजीवर प्रभुत्व, संगणकाचे काम, भाषांतर, सर्वेक्षण यांपैकी एक तरी दुसरे कौशल्य जोडावे.

याशिवाय वकिली, बी.एड., समाजकार्य व पत्रकारिता या वाटा आहेतच. तीन वर्षांच्या कायद्याच्या पदवीस कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. किमान गुण ४५ टक्के व अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के अशी अट आहे. राज्यशास्त्र व इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी या वाटेचा विचार अवश्य करावा.

६. पैशाचे गणित

कर्जाला घाबरू नये, पण ते समजून घ्यावे. सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. अभ्यासक्रमाचा काळ व त्यापुढे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. परंतु हप्ता नसला तरी व्याज चालू असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सोयीसाठी १० टक्के दर धरू. ४ लाख रुपये एकदम उचलले व अभ्यासक्रम दोन वर्षांचा असला, तर तीन वर्षांचे सरळ व्याज १,२०,००० रुपये होते. म्हणजे परतफेड ५,२०,००० रुपयांवर सुरू होते आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे ६,९०० रुपये बसतो. तेच व्याज दरमहा सुमारे ३,३०० रुपये भरत गेल्यास परतफेड ४ लाखांवरच सुरू होते व हप्ता सुमारे ५,३०० रुपये येतो. घरातील कोणी मिळवते असेल तर दुसरा मार्ग पत्करावा. कर्ज घेण्यापूर्वी शिष्यवृत्ती, शासकीय वसतिगृह आणि वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी असलेली स्वाधार योजना यांची चौकशी करावी.

७. कागदपत्रे

गुण चांगले असून कागदांअभावी संधी गेली, अशी उदाहरणे थोडी नाहीत. जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला व अधिवास प्रमाणपत्र हे संच पदवीच्या दुसऱ्या वर्षातच तयार ठेवावेत. सर्व कागदांवरील नाव सारखे आहे का ते पाहावे; एका अक्षराच्या फरकानेही काम अडते. १९९० च्या कायद्याने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्याही सवलती मिळू लागल्या. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील व मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असलेला दाखला लागतो. राज्याचा दाखला तेथे चालेल असे गृहीत धरू नये.

८. मुलींविषयी

अनेक घरांत मुलीचा निकाल आणि मुलीचे स्थळ या दोन गोष्टी एकाच महिन्यात येतात. लग्न होऊ नये असे कोणी म्हणत नाही. परंतु ज्या तीन वर्षांत मुलाला तयारीसाठी पैसे दिले जातात, तीच तीन वर्षे मुलीकडून काढून घेणे हा अन्याय आहे. मुलीलाही तेवढीच मुदत, तेवढाच खर्च आणि रोजचे अभ्यासाचे तेवढेच तास मिळावेत. अभ्यासिका रात्री उघडी असली तरी तेथून मुलगी सुखरूप घरी कशी येईल, याची जबाबदारी वडीलधाऱ्यांनी घेतली पाहिजे.

९. एका पदवीधराची वाट

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. १९१२ मध्ये ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले व १९१६ मध्ये लंडनला पोहोचले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण जातीमुळे राहावयास जागा मिळेना. तीही नोकरी सुटली.

येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. परत येताना त्यांनी लंडनचा अभ्यास चार वर्षांच्या आत पुन्हा सुरू करण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पैसे साठविले, १९२० मध्ये राजीनामा देऊन मुदतीच्या आत लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. व १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांची बुद्धी असामान्य होती, ती आपण आणू शकत नाही. पण त्यांची रीत आपल्याला उचलता येते. अडथळा आला तरी परतीचे दार उघडे ठेवावे, नोकरीचा उपयोग पुढच्या शिक्षणासाठी करावा आणि मुदत पाळावी.

१०. संस्थांनी काय करावे?

सत्काराच्या दिवशीच एक वही उघडावी. त्यात प्रत्येक पदवीधराचे नाव, विषय आणि त्याने निवडलेली वाट लिहावी. दर सहा महिन्यांनी एका कार्यकर्त्याने त्याच्याशी बोलून काय झाले, काय अडले, आता काय लागते, या तीन प्रश्नांची उत्तरे नोंदवावीत. बँक, न्यायालय, शाळा, मंत्रालय येथे काम करणाऱ्या सभासदांनी प्रत्येकी दोन विद्यार्थ्यांची जबाबदारी घ्यावी. स्मृतिचिन्हांवरील खर्च थोडा कमी करून परीक्षा शुल्काचा व पुस्तकांचा छोटा निधी उभारावा. यासाठी मोठी इमारत किंवा मोठे अनुदान लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनी पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत :

(१) मी कोणती वाट निवडली आहे व का?
(२) तिच्यासाठी मी कोणत्या तारखेपर्यंत वेळ देणार आहे?
(३) ती न साधल्यास माझी दुसरी वाट कोणती?
(४) या काळात घरावर किती भार पडेल व तो कोण उचलील?
(५) माझे कोणते कागद अपुरे आहेत?
(६) अडचण आली तर मी कोणाला विचारीन?

सहाव्या प्रश्नापुढे एकही नाव लिहिता आले नाही, तर तो दोष त्या विद्यार्थ्याचा नव्हे, आपणा सर्वांचा आहे. पुढील सत्कार समारंभात गुणवंतांची यादी वाचून झाल्यावर तीन वर्षांपूर्वीच्या यादीतील प्रत्येक जण आज कोठे आहे, हेही वाचून दाखविले जावे, अशी आमची सर्व सभासदांना नम्र सूचना आहे.